माल्टा सोलायचा नाही

वर्धा, १२ जानेवारी २०२५

मेघे,

ईमेल पाहून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर नीट बोलता येत नाही म्हणून लिहितेय. आमच्या घरात फोनवर बोललेलं आधी सासूबाई ऐकतात आणि मग पलीकडचा माणूस.

तर बातमी अशी, की आम्ही परदेशी जातोय! मे महिन्यात, लेकरांना घेऊन, एकदम निवांत. गेल्या जूनमध्ये मनालीला गेलो तर हॉटेलच्या जिन्यातच आमच्या दुकानासमोरचे चपलांचे दुकानवाले भेटले. झालं! हेमराज चारही दिवस त्यांच्याशी बायपासच्या प्लॉटबद्दल बोलत बसला. तेव्हाच त्यानं ठरवलं, "आता जिथं वर्ध्याचं कोनी भेटनार नाई, तिथंच जाऊ." मग आम्ही मोबाइलवर नकाशा पाहिला, आणि तू आहेस म्हणून माल्टा ठरलं.

दोन वर्षं झाली तुला जाऊन, आता तू तिथली जुनी माणूस. मला फक्त एवढं सांग, की लेकरांना खेळायला वाळू कुठे आहे आणि मला बसायला खुर्ची कुठे मिळेल. मेघे, माझं एवढंच मागणं आहे बघ. समुद्राकाठी एक खुर्ची, आणि त्या खुर्चीतून मला कोणी उठवायचं नाही. वेदू सहाचा झाला, किट्टू तीनची. सहा वर्षांत मी गरम चहा प्यायलेली नाही.

तुझी सपना


मोस्टा, माल्टा, १९ जानेवारी २०२५

सपने,

ये, नक्की ये. मे महिना चांगला, ऊन आपल्या फेब्रुवारीसारखं. वाळू कमी आहे, खडकच जास्त. बस वेळेवर येते पण भरलेली येते, मग हात दाखवूनही थांबत नाही, त्यामुळे तुला परकं वाटणार नाही. दुपारी लोक दारं लावून झोपतात. खुर्ची भाड्यानं मिळते. त्यातून न उठण्याची सोय मात्र अजून इथेही कोणी काढलेली नाही.

माझं बरं चाललंय. वृद्धाश्रमात काम आहे. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, गोळ्या द्यायच्या. त्यांच्या लेकी रविवारी येतात, माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, तू आईला अगदी मुलीसारखी आहेस. मग त्या फिरायला जातात.

आता माझं मागणं. येताना माझ्या लेकीला, मैत्रीला, घेऊन येशील का? ती साडेचारची होईल. मी निघाले तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. मला येता येत नाही, कारण माझ्या इथल्या राहण्याच्या कार्डाचं नूतनीकरण चालू आहे. ते हातात पडेपर्यंत बेट सोडलं तर परत घेतील की नाही, याची खात्री कोणी देत नाही. गेल्या वर्षी धम्मदीपनं तिला घेऊन यायचा प्रयत्न केला, पासपोर्ट काढला, पण व्हिसा मिळाला नाही. नवरा एकदा बायकोकडे पोचला की परत जाणार नाही, असं त्यांना वाटलं. लग्नाबद्दल इतकं चांगलं मत मी दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही.

तुझ्या दोघांसोबत एक माझी. विमानात तिला खिडकी दिलीस तर ती बोलणारसुद्धा नाही. विचार करून सांग.

मेघा


वर्धा, ३ फेब्रुवारी २०२५

मेघे,

अगं, धमाल बातमी! आई-बाबा पण येताहेत. सासू-सासऱ्यांना मी आई-बाबाच म्हणते हे तुला माहीतच आहे. आई म्हणाल्या, लेकरं आमच्याशिवाय झोपत नाहीत. खरं म्हणजे लेकरं त्यांच्यामुळे झोपत नाहीत, पण ते जाऊ दे. बाबांनी निवांतपणाचं वेळापत्रक केलंय. पहाटे समुद्रावर चालणे, मग नाश्ता, मग किल्ला, मग जेवण, मग विश्रांती (सक्तीची), मग दुसरा किल्ला.

एक अडचण आहे. आई बाहेरचं खात नाहीत. म्हणून आम्ही ठरवलं की हॉटेलात फक्त झोपायचं आणि स्वयंपाक तुझ्याकडे करायचा. कुकर आम्ही आणू. तिखट, हळद, ज्वारीचं पीठ सगळं आणू, तू फक्त गॅसला बर्नर किती ते कळव. आणि दुपारी दोन-तीन तास लेकरं तुझ्याकडे ठेवली तर चालेल ना? तू नर्स आहेस, तुला सवय आहे.

मैत्री कशी आहे? गोड पोर!

सपना


मोस्टा, १० फेब्रुवारी २०२५

सपने,

बर्नर दोन आहेत. त्यातला एक पेटतो. खोली आम्हा तिघींची आहे, मी आणि फिलिपिन्सच्या दोन मुली, आणि ज्वारीची भाकरी थापताना त्या व्हिडिओ काढतील, एवढं आईंना सांगून ठेव.

मला मात्र गंमत वाटली. कॉलेजच्या वेळी तुझं लग्न झालं तेव्हापासून तुझ्या सासूबाई आमच्या नालवाडीच्या घरी चारदा आल्या असतील. माझ्या आईनं चारही वेळा चहा ठेवला आणि चारही वेळा त्या म्हणाल्या, "आत्ताच घेतला." इतका चहा पिणारी बाई मी पाहिली नाही. आता त्या माझ्या ओट्याशी उभं राहून वरण फोडणीला घालणार म्हणतेस! त्यासाठी माणसाला सात समुद्र ओलांडावे लागतात हे मला माहीत असतं, तर मी आधीच आले असते.

मैत्री कशी आहे विचारलंस, म्हणून सांगते. ती नाचणगावला माझ्या सासूबाईंजवळ, जिजाबाईंजवळ असते. एकदा तिनं त्यांना विचारलं, माई आई कुठं हाय? सासूबाईंनी खरं तेच सांगितलं, "तुई आई माल्ट्यात हाय." आता आपल्याकडे माल्टा म्हणजे काय ते तुला सांगायला नको. गुळगुळीत सालीचं ते संत्रं, ज्याची साल हातानं सुटत नाही, चाकूच लागतो, आणि आपण संत्र्याच्या मुलखातले लोक ज्याला फळातही धरत नाही. पुढच्या बाजाराला धम्मदीपनं नेमका माल्टा आणला आणि कापायला घेतला. पोरीनं असा टाहो फोडला की गल्ली गोळा झाली. आई कापली जाईल म्हणून!

तेव्हापासून एक माल्टा तिच्या उशाशी असतो. सडायला लागला की ती अंगणवाडीत गेल्यावर धम्मदीप गुपचूप दुसरा आणून ठेवतो. म्हणजे सरकारी नोकरी नसूनही माझी बदली दर पंधरवड्याला होते.

मी हसत लिहितेय, पण मला हसू येत नाही, सपने. तिला आणशील का, याचं उत्तर राहिलं.

मेघा


वर्धा, २४ फेब्रुवारी २०२५

मेघे,

हसून हसून पुरेवाट झाली! हेमराजला वाचून दाखवलं, तो ग्राहकांनाही सांगतोय. लेकरं पण काय काय डोक्यात घेतात ना!

मैत्रीबद्दल मी घरी विषय काढला होता. आई म्हणाल्या, दुसऱ्याचं लेकरू म्हणजे जोखीम, काही झालं तर कोण उत्तर देणार. तसं त्यांच्या मनात काही नाही हं, तू गैरसमज करून घेऊ नकोस. हेमराज म्हणतो, व्हिसाच्या अर्जात सातवं माणूस वाढलं की गुंता होतो. मी पण जास्त ताणलं नाही. सुट्टी निवांत जावी, एवढंच माझं म्हणणं. पुढच्या वर्षी बघू, नक्की.

किल्ल्यांच्या वेळा कळवशील का? बाबा विचारताहेत.

सपना


मोस्टा, १ मार्च २०२५

सपना,

किल्ले सकाळी उघडतात, संध्याकाळी बंद होतात. बाकी माहिती इंटरनेटवर आहे.

मेघा


वर्धा, २० मार्च २०२५

मेघे,

तू रागावलीस हे मला तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. पण आता जे लिहिते ते नीट वाच, कारण इथे काहीतरी विचित्रच झालंय.

परवा हेमराजच्या भाचीच्या साखरपुड्याला पुलगावला गेलो होतो. ऊन आत्तापासूनच मी म्हणतंय. परतताना आईंना गाडीत गरगरायला लागलं, चेहरा पांढराफटक. नाचणगाव हाकेच्या अंतरावर, आणि ओळखीचं घर तेवढं एकच. मी हेमराजला म्हटलं, वळव गाडी.

जिजाबाईंनी एक शब्द न विचारता आईंना खाटेवर निजवलं, कूलर लावला, गूळ-पाणी दिलं. पाणी तर आईंना घ्यावंच लागलं, तेव्हा काही म्हणायची ताकदच नव्हती. मग चहा ठेवला. तेवढ्यात तुझी मैत्री आली आणि खाटेच्या काठाशी उभी राहून आईंकडे टक लावून बघू लागली. हातात माल्टा.

आईंना जरा बरं वाटलं होतं. म्हणाल्या, "आन व इकडं, सोलून देतो तुले."

पोरीनं हात पाठीमागे नेला. "नको सोलू! आई हाय त्यात."

आई हसल्या. मीही हसले. मैत्री हसली नाही. ती म्हणाली, "लय दिवसाची हाय. बोलत नाई."

मेघे, तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा ती गोष्ट फार मजेची होती. समोर उभी राहिली तेव्हा मला कुठे बघावं कळेना. आईंनी हात पुढे केला, बराच वेळ तसाच धरला, तेव्हा तिनं तो माल्टा त्यांच्या हातावर ठेवला. आईंनी तो कानाशी धरला, मान हलवली, आणि म्हणाल्या, "झोपली हाय व तुई आई. थकली असन. उठली का मले सांगजो."

मग चहा आला. मी घाईनं म्हणणार होते, की आईंनी आत्ताच घेतला, तर त्यांनी कप घेऊन टाकलासुद्धा. बशीत ओतून प्यायल्या, आणि वर थोडा आणखी मागितला.

मग आम्ही निघालो. वर्धा जवळ आल्यावर म्हणाल्या, "मले नाई जमत ते बेट-बिट. चारी बाजूनं पानी. गुडघे दुखते माये. माया जागी त्या पोरीले ने."

हेमराज म्हणाला, "अवो, पन जोखीम?"

"काऊन? तुले दोन सांभाळता येते, तीन नाई येत?"

आता बोल! गुडघ्यांचं त्यांनी आजवर कधी काढलं नव्हतं. सेलूच्या यात्रेत माझ्यापुढे चालतात. मला वाटतं उन्हाचाच परिणाम असावा, डॉक्टरला दाखवायचं ठरवलंय. पण जागा रिकामी झाली हे खरं. धम्मदीपशी बोलले, तो संमतीचे कागद करतोय.

सपना


मोस्टा, २२ मार्च २०२५

सपने,

डॉक्टरला दाखवू नकोस. नर्स म्हणून सांगते, तुझ्या सासूबाईंना झालेलं दुखणं चांगलं आहे, त्यावर औषध द्यायचं नसतं.

त्यांनी चहा घेतला, हे तू मध्येच लिहून पुढे गेलीस. मी तिथेच थांबले. मग काल ड्यूटीवर रडले. एका आजींना भरवत होते, त्यांनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि मलाच भरवला. सूप अळणी होतं.

तुझ्यावर मी रागावले होते. आता नाही. ये लवकर. भाकरी करणारं कोणी आलं नाही तरी चालेल, दुसरा बर्नर मी दुरुस्त करून घेतलाय.

मेघा


वर्धा, ८ मे २०२५

मेघे,

व्हिसा आले! सगळ्यांचे आले. आणि आता ऐक, कोण येतंय.

आई येत नाहीत म्हटल्यावर बाबांनी वेळापत्रक घडी करून खिशात ठेवलं. त्यांना पहाटेचा चहा आईंच्या हातचाच लागतो, आणि तो वेळापत्रकातला पहिला कार्यक्रम होता. राहिला हेमराज. तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान, पण मे महिन्यात सुट्टी ठरवताना एकालाही लग्नसराई आठवली नाही! काल दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मला म्हणतो, "तूच जा व लेकराईले घेऊन. मी इथं राहातो निवांत." आणि खरंच सांगते, त्याचा चेहरा निवांत होता.

म्हणजे मी एकटी आणि तीन लेकरं. दोन विमानं. निवांत सुट्टी म्हणतात ती हीच असावी. मी घाबरलेय, पण हे घरात कोणाला सांगितलेलं नाही. आईंनी मैत्रीसाठी फ्रॉक घेतलाय, आपल्याच दुकानातून, पण मोठ्या खिशाचा शोधून घेतला. "तिचं सामान राहाते त्यात," म्हणाल्या.

विमानतळावर वेळेवर ये गं.

सपना


मोस्टा, २९ मे २०२५

सपने,

तू पोचलीस का? खोली एकदम मोठी झाली आहे. किट्टूचा एक मोजा आणि वेदूनं वेचलेले सगळे दगड इथेच राहिले. फिलिपिन्सच्या मुली विचारतात, त्या तीन लेकरांची आई आता बरी आहे का.

खुर्ची तुला मिळाली, हे मी साक्षीला उभी राहून सांगेन. शेवटच्या आदल्या दिवशी तिघंही माझ्याकडे होती आणि तू खुर्चीत बसलीस. समुद्र समोर होता, सावली होती, कोणी पाणी मागत नव्हतं. तू लगेच झोपलीस आणि बसल्या बसल्या अशी घोरलीस की पलीकडच्या जर्मन बाईनं आपली खुर्ची उचलून दूर नेली. समुद्र तू पाहिलाच नाहीस. मी तुला उठवलं नाही, तसं वचन होतं.

काही गोष्टी तुला दिसल्या नाहीत, त्या सांगते. आलात त्या दिवशी तू सामानाच्या मागे धावत होतीस. मैत्री माझ्यासमोर उभी राहिली, ओळख नसल्यासारखी. तिनं खिशातून माल्टा काढला, कानाशी धरला, हलवला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तू कवा भायेर आली?"

मी म्हटलं, "आत्ताच."

मग तिनं मला हात लावू दिला. संध्याकाळी आम्ही दोघींनी तो माल्टा कापला. सुकलेला, कडूसर होता. तिनं एक फोड खाल्ली, बाकीचा मी सालीसकट संपवला.

आणि निघतानाचं. तू किट्टूला घेऊन बाथरूममध्ये होतीस. मैत्री म्हणाली, मले एक माल्टा घेऊन दे. मी म्हटलं, कशाला गं, मी तर बाहेरच आहे, बघ ना. ती म्हणाली, "मंग चाल ना आमच्यासंग."

सपने, मी रात्रपाळीत म्हाताऱ्यांचे जीव जाताना पाहिले आहेत, मला सगळ्यांशी काय बोलायचं ते येतं. तिच्याशी काय बोलायचं ते आलं नाही. कार्ड नाही, हे साडेचार वर्षांच्या पोरीला कसं सांगतात? मी समोरच्या दुकानातून एक माल्टा घेतला, तिच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "बरं. जाते आत."

तिनं तो खिशात ठेवला आणि वरून खिसा दाबून धरला. मग तू आलीस आणि मला म्हणालीस, किती शहाणी पोर आहे, रडलीसुद्धा नाही.

मेघा


वर्धा, १६ जून २०२५

मेघे,

तुझं पत्र मी आईंना वाचून दाखवलं. पहिल्यांदाच, स्वतःहून. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

काल आम्ही नाचणगावला गेलो होतो. आई दर आठवड्याला जातात आता, रिक्षा करून, गुडघे घेऊन. चहा घेतात, आणि जिजाबाईंशी माझ्या स्वयंपाकाबद्दल बोलतात. मैत्रीनं तुझा माल्टा बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवलाय आणि सगळ्यांना ताकीद दिलीय, सोलायचा नाही. या वेळी तिनं त्याच्यावर पेनानं डोळे काढलेत, एक टिकलीही लावलीय. धम्मदीप मला बाजूला घेऊन म्हणाला, "आता बदली नाई करता येत, वहिनी. वळखते ते." माल्टा एका बाजूनं बसत चाललाय.

मी तुला निवांत सुट्टीसाठी विचारलं होतं, आणि तू दोनदा विचारलंस तेव्हा मी किल्ल्यांच्या वेळा विचारत बसले. मला लाज वाटते गं.

आई रोज विचारतात, "तिचं ते कार्ड आलं का व?"

सपना


मोस्टा, १९ जून २०२५

सपने,

कार्ड आलं. तिकीट काढलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला उतरते, तिथून रात्रीची गाडी.

जिजाबाईंना म्हणावं, चाकू काढून ठेवा. तोवर तो माल्टा थंड जागी ठेवायला सांग.

आणि तुझ्या सासूबाईंना माझा निरोप दे. म्हणावं, उठली.

मेघा